घरात अडकलात? मग हजार तुकड्यांचं कोडं काढा: पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

साथीमुळे घरात बसायची वेळ आली की पहिले दोन-तीन दिवस लोक कपाटं आवरतात. मग मालिका बघतात. मग मोबाइल हातातून सुटत नाही, आणि रात्री डोळे चुरचुरत असतात पण दिवसभर काय केलं ते सांगता येत नाही. वेळ भरपूर असतो, फक्त सलग नसतो. एकाची मीटिंग, दुसऱ्याचा ऑनलाइन तास, तिसऱ्याच्या औषधाची वेळ, मधेच भांडी. अशा फुटकळ वेळात मावणारा एक जुना उद्योग म्हणजे जिगसॉ पझल, म्हणजे चित्राचे सुटे तुकडे जोडून पुन्हा अख्खं चित्र करायचं कोडं. पाच मिनिटं मिळाली तरी दोन तुकडे बसतात. अर्धवट सोडून उठलं तरी काही बिघडत नाही. चार्जिंग लागत नाही, आणि घरातलं कुणीही येता-जाता हात लावू शकतं.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ला महासाथ म्हटलं आणि पुढच्या काही आठवड्यांत अनेक देशांतल्या दुकानांमधून ही कोडी दिसेनाशी झाली. ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी तर पत्रकार परिषदेत सांगून टाकलं की पुढचे काही महिने आमच्या घरी जिगसॉ पझल ही अत्यावश्यक वस्तू असणार आहे. त्यांच्या पत्नीने आदल्याच दिवशी मुलांसाठी ढीगभर आणली होती. त्यावरून त्यांची थट्टाही झाली. मला मात्र ते विधान त्या काळातल्या बऱ्याच गंभीर विधानांपेक्षा जास्त व्यवहारी वाटतं.

सुरुवात करण्याआधी एकच गोष्ट डोक्यात ठेवा. नवखा माणूस ढिगातून एक तुकडा उचलतो आणि हा कुठे बसेल, याचा विचार करत राहतो. इथेच गाडी अडते. हजार जागांमधून एका तुकड्याची जागा शोधणं फार अवघड. एखादी रिकामी जागा निवडून तिचा तुकडा शोधणं मात्र सहज जमण्यासारखं आहे, फक्त तुकडे आधी नीट वेगळे केलेले हवेत. खालच्या बहुतेक पायऱ्या या वेगळं करण्याच्याच आहेत. बसवणं त्यामानाने थोडं.

पायरी १: कोडं निवडणं

पहिलंच असेल तर ५०० तुकड्यांचं घ्या. घरात दोन-तीन जण हात लावणारे असतील तर १००० चालेल. २००० वर एकदम उडी मारू नका. तुकडे दुप्पट झाले की कष्ट दुपटीहून जास्त वाढतात, कारण लावायचे तुकडे तर दुप्पट होतातच, शिवाय प्रत्येक तुकडा दुप्पट मोठ्या ढिगातून शोधावा लागतो. किती वेळ लागेल हे चित्रावर आणि माणसांवर अवलंबून आहे, पण हजारांचं कोडं एका बैठकीत संपेल ही अपेक्षा ठेवू नका. जागतिक स्पर्धेतले अव्वल खेळाडू ५०० तुकडे चाळीस मिनिटांच्या आत लावतात. त्यांच्याशी आपला काही संबंध नाही. गंमत म्हणजे २०१९ मध्ये स्पेनच्या वायादोलिद शहरात सुरू झालेली ही स्पर्धा २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळेच भरली नाही. सगळं जग घरी बसून कोडी लावत असताना स्पर्धा तेवढी बंद होती.

संख्येपेक्षा महत्त्वाचं चित्र. भिंतीवर छान दिसणारं चित्र टेबलावर छळतं. सूर्यास्त, बर्फाळ डोंगर, धुकं, दाट जंगल, नुसता समुद्र ही सगळी चित्रं पहिल्या वेळी टाळा. खचाखच भरलेलं चित्र शोधा: पुस्तकांचं कपाट, जुन्या पोस्टाच्या तिकिटांचा कोलाज, पाट्या-जाहिरातींनी भरलेला रस्ता, नकाशा. अक्षरं असलेलं चित्र नवख्यासाठी सर्वात दयाळू, कारण अर्धं अक्षर दिसलं तरी तुकडा उलटा की सुलटा हे लगेच कळतं. नियम म्हणून सांगायचं तर, चित्राचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एकाच रंगाचा असेल तर तो डबा परत ठेवा. आणि हो, अगदी काळं किंवा पांढरं, चित्रच नसलेलं कोडंही मिळतं. घरातली शांतता टिकवायची असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

डब्यावर कंपनीचं नाव कोणतंही असो, तुकडा जाड आणि चित्राचा पृष्ठभाग कमी चमकणारा असावा. पातळ पुठ्ठ्याचे तुकडे वाकतात आणि चुकीच्या जागीही बसल्यासारखे वाटतात. चकचकीत कागदावर दिव्याचा उजेड पडला की निम्मं चित्र दिसत नाही.

पायरी २: जागा

घरातली भांडणं कोड्यावरून होत नाहीत, टेबलावरून होतात. म्हणून हे आधी ठरवा.

हजार तुकड्यांचं कोडं पूर्ण झाल्यावर साधारण ७० बाय ५० सेंटीमीटर होतं, पाचशेचं साधारण ४९ बाय ३६. पण सुटे तुकडे पसरायला याच्या दुप्पट जागा लागते. घरात टेबल एकच असेल आणि त्यावरच जेवण, अभ्यास आणि ऑफिस चालत असेल तर कोडं टेबलावर मांडूच नका, फळीवर मांडा. ८० बाय ६० सेंटीमीटरचा प्लायवूडचा तुकडा, जाड फोमबोर्ड किंवा मोठ्या खोक्याचा कापलेला सपाट भाग, काहीही चालेल. खोक्याचा पुठ्ठा वाकत असेल तर दोन थर आडवे-उभे चिकटवा. ही फळी संध्याकाळी पलंगाखाली सरकते आणि दुसऱ्या दिवशी तशीच बाहेर येते. फळीला कडेने बोटभर उंचीची पट्टी लावलीत तर तुकडे घरंगळत नाहीत. मुद्दा बारीक वाटतो, पण पलंगाखाली गेलेला तुकडा काढायला पलंग हलवावा लागतो.

गुंडाळून ठेवायची फेल्टची (जाड, मऊ दाबलेल्या कापडाची) चटईही मिळते. मला ती फारशी पसंत नाही. तुकडे घट्ट बसणारे असतील तर ठीक, नाहीतर उलगडल्यावर अर्धं काम पुन्हा करावं लागतं.

उजेड बाजूने आणि पसरलेला हवा. डोक्यावरचा एकच दिवा असेल तर तुमचीच सावली चित्रावर पडते. खिडकीजवळ मांडलंत तर दिवसा उत्तम, फक्त थेट ऊन येणारी जागा टाळा. आणि पंख्याकडे लक्ष ठेवा. तुकडे उडत नाहीत, पण खाली अंथरलेला कागद उडतो आणि तुकडे सोबत नेतो.

पायरी ३: डबा उघडताना

पिशवी दाताने फाडू नका, कात्रीने कापा. नवीन डब्यात पुठ्ठ्याचा भुसा असतो. तुकडे मूठ-मूठ करून मोठ्या भोकांच्या चाळणीत हलवलेत तर तो डब्यात राहतो आणि पुढे दिवसभर शिंका येत नाहीत. साथीच्या दिवसांत घरात कुणी सारखं शिंकायला लागलं की बाकीचे कसे बघतात हे वेगळं सांगायला नको.

काही तुकडे एकमेकांना चिकटलेले निघतील. ते तसेच ठेवायचे की सुटे करायचे हा प्रत्येकाच्या विवेकबुद्धीचा प्रश्न आहे.

आता सगळे तुकडे चित्राची बाजू वर करून ठेवा. कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच लोक ते अर्ध्यावर सोडतात. सोडू नका. याच फेरीत आणखी एक काम उरकायचं: एक बाजू सरळ असलेला प्रत्येक तुकडा बाजूला काढायचा. डोकं न वापरता करता येणारं असं दुसरं काम नाही. लांबलेल्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून हे बेमालूम जमतं, फक्त माइकही बंद ठेवा. पुठ्ठ्याचा खडखडाट पलीकडे फार स्पष्ट ऐकू जातो.

पायरी ४: चौकट

हजारांच्या कोड्यात बरोबर १००० तुकडे असतातच असं नाही. बऱ्याचदा मांडणी ३८ बाय २७ असते, म्हणजे १०२६. काहींची ४० बाय २५ असते, म्हणजे नेमके १०००. गंमत अशी की दोन्ही मांडण्यांत कडेचे तुकडे १२६च होतात: ४ कोपरे आणि १२२ सरळ बाजूवाले. पाचशेची नेहमीची मांडणी २७ बाय १९, म्हणजे ५१३ तुकडे आणि कडेला ८८.

हे आकडे उगीच सांगत नाही. कडेचे तुकडे मोजा. ११९ भरले तर सात अजून ढिगात आहेत, असतातच. त्यांच्यासाठी पुन्हा सगळा ढीग उपसत बसू नका, पुढे आपोआप हाती लागतील. चौकट जुळल्यावर समोरासमोरच्या बाजू मोजून बघा. वर ३८ आणि खाली ३७ झाले तर कुठेतरी एखादा तुकडा गाळून दोन चुकीचे तुकडे जोडले गेले आहेत. कडेला एकच रंग असेल तर असं हमखास होतं. ही चूक आता सापडली तर एका मिनिटाचं काम, नंतर सापडली तर डोकेदुखी.

चौकटीपासूनच सुरुवात करायला हवी असा काही नियम नाही. कडेला सगळीकडे आकाशच असेल तर ती खुशाल शेवटी ठेवा. पण पहिल्यांदा लावणाऱ्याला एक हद्द आखलेली असली की बरं वाटतं.

पायरी ५: ढीग करणं, आणि मग बेटं

खरा खेळ इथे आहे.

डब्यावरचं चित्र समोर उभं ठेवा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. कुठले भाग इतरांपासून ठळकपणे वेगळे आहेत? लाल छत, पाटीवरची अक्षरं, पट्ट्यापट्ट्यांचा पडदा, माणसांचे चेहरे. असे सहा-आठ गट ठरवा. त्याहून जास्त केलेत तर कुठला तुकडा कुठल्या गटात हेच आठवत नाही, कमी केलेत तर गटांचा उपयोग होत नाही. उरलेलं सगळं ‘इतर’मध्ये टाका. ‘इतर’ सगळ्यात मोठा होणार, होऊ दे.

गट करताना नुसता रंग बघू नका. निळा म्हणजे एक गट नव्हे. आकाशाचा निळा गुळगुळीत असतो, पाण्याच्या निळ्यात आडव्या रेघा असतात, रंगवलेल्या दाराच्या निळ्यात लाकडाच्या उभ्या शिरा दिसतात. रंग, पोत आणि रेघेची दिशा, या तिन्हींनी मिळून तुकडा ओळखायचा.

गट ठेवायला उथळ आणि सपाट काहीतरी लागतं. डब्यांची झाकणं, ट्रे, ताटल्या, खोक्यांचे बोटभर उंचीवर कापलेले तळ. खोल वाडगे वापरू नका. त्यात तुकडे एकावर एक पडतात आणि जो हवा तो नेहमी तळाशी असतो. तुकडे एका थरात, चित्र वर. झाकणं एकावर एक रचून ठेवता आली तर उत्तम, टेबल मोकळं होतं.

आता सर्वात सोपा गट घ्या आणि चौकटीची फिकीर न करता, कागदावर वेगळाच जोडायला लागा. अशी छोटी छोटी बेटं तयार होतात. बेट पुरेसं मोठं झालं की कागदासकट उचलून त्याच्या अंदाजे जागी सरकवा. अचूक जागा लगेच कळायची गरज नाही. दोन बेटांमधलं अंतर कमी होत गेलं की मधले तुकडे स्वतःहून ओळखू येतात.

तुकडा शोधताना जागेकडे बघून प्रश्न विचारायची सवय लावा. तुकड्याचा बाहेर आलेला गोल भाग म्हणजे घुंडी आणि आत गेलेला म्हणजे खाच, असं धरून चालू. समजा एका रिकाम्या जागेच्या डाव्या बाजूने एक तपकिरी रेघ तिरकी वर चालली आहे. म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या डाव्या धारेवर तपकिरी ठिपका असणार. वरच्या शेजाऱ्याची घुंडी या जागेत आली आहे, म्हणजे आपल्या तुकड्याला वर खाच असणार. एवढ्या दोन अटी घेऊन ताटलीत नजर फिरवलीत तर साठ तुकड्यांतून चार-पाचच उरतात. मग ते प्रत्यक्ष लावून बघायचे. ‘हा बसेल का’ असं करत एकेक तुकडा भिरभिर फिरवण्यापेक्षा हे कितीतरी वेगाने होतं.

अडलात की टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहा. चित्र उलटं दिसलं की डोळा वस्तू ओळखायचं सोडतो आणि रंग-आकार बघायला लागतो. तरीही जमेना तर उठा. थोड्या वेळाने, सहज जाताजाता, तोच तुकडा समोर पडलेला दिसतो. असं का होतं ते मी सांगू शकणार नाही, पण कोडी लावणाऱ्या कुणालाही विचारा, मान डोलवेल.

तुकडा बसला का ‘बसवला’, हे तपासायच्या दोन युक्त्या आहेत. जोडलेले दोन-तीन तुकडे हलकेच उचलून उजेडासमोर धरा, फटीतून प्रकाश एकसारखा यायला हवा. नाहीतर उलटे करून पाठ बघा. चित्राच्या बाजूने लपणारी फट पाठीमागून लगेच दिसते. अंगठ्याने दाबावं लागत असेल तर तो तुकडा तिथला नाही. मुलांपेक्षा मोठी माणसंच अशी जबरदस्ती जास्त करतात.

पायरी ६: आकाश

प्रत्येक कोड्यात शेवटी शे-दीडशे तुकडे असे उरतात की ज्यांवर काहीच नाही. इथे बरेच लोक डबा बंद करतात. करू नका. रंग संपला की आकार धरायचा.

चौकोनी जाळीत कापलेल्या कोड्यात आतल्या तुकड्यांचे सहाच प्रकार होऊ शकतात: चार घुंड्या; तीन घुंड्या आणि एक खाच; दोन घुंड्या समोरासमोर; दोन घुंड्या शेजारी-शेजारी; एक घुंडी आणि तीन खाचा; चारही खाचा. आकाशाचे सगळे तुकडे या सहा रांगांत मांडा. दोन घुंड्या समोरासमोर असलेली रांग बहुधा सर्वात लांब होते. चार घुंड्यांची आणि चार खाचांची सहसा छोटी असते.

आता तीन बाजूंनी शेजारी असलेली जागा निवडा. तिला कुठला प्रकार हवा हे बघूनच कळतं. फक्त त्या रांगेतले तुकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने लावून बघायचे. ज्याची पाळी झाली तो रांगेच्या दुसऱ्या टोकाला. एकही सोडायचा नाही, मन मानेल तसा उचलायचा नाही. यात कल्पकता शून्य, पण हमखास होतं. शिवाय बाकी घर बातम्या बघून हवालदिल झालेलं असताना असं बिनडोक, शिस्तशीर काम हाताशी असणं वाईट नाही.

काही कोडी वेड्यावाकड्या आकारात कापलेली असतात, त्यांना ही सहाची वर्गवारी लागू पडत नाही. पण तिथे प्रत्येक आकारच इतका वेगळा असतो की आकाशही सोपं जातं.

पाठीची काळजी घ्या. फळी टेबलावर असेल तर उभं राहून लावणं उत्तम, जमिनीवर असेल तर मान मोडते. डोळ्यांसाठी संगणकाच्या पडद्यासमोर बसणाऱ्यांना सांगतात तोच नियम पाळा: दर २० मिनिटांनी २० सेकंद सुमारे २० फूट लांब बघायचं. खिडकी त्यासाठीच आहे.

घरातली माणसं

कोडं मधल्या खोलीत मांडलं की घरातल्या प्रत्येकाचा खरा स्वभाव बाहेर येतो. एक जण फक्त सोपे भाग लावून पळतो. एक जण हात न लावता मागे उभा राहून ‘तो तिकडचा बघ ना’ म्हणतो. एक जण आपल्या गटाच्या ताटलीला कुणाला हात लावू देत नाही. आणि एक जण खिशात एक तुकडा लपवून ठेवतो, शेवटचा आपण लावावा म्हणून. हा शेवटचा प्रकार जवळपास प्रत्येक घरात असतो, आणि तो लहानच असतो असं नाही.

म्हणून थोडे नियम आधीच बोलून घ्या. भरलेला कप फळीच्या उंचीवर ठेवायचा नाही, बाजूच्या खालच्या स्टुलावर ठेवायचा. दुसऱ्याने लावलेलं त्याला न विचारता मोडायचं नाही, चुकलेलं असलं तरी. सूचना द्यायच्या असतील तर बसून द्यायच्या. रात्री दिवा कधी मालवायचा हेही ठरलेलं बरं, कारण ‘आता एकच तुकडा’ याला अंत नसतो.

लहान मुलं असतील तर त्यांना मोठ्यांच्या कोड्यात ‘मदत’ करायला लावण्यापेक्षा शेजारी त्यांचं स्वतःचं द्या. शाळेत न जाणाऱ्या मुलांना दहा-वीस मोठे तुकडे पुरतात. अगदी तान्ह्यांपासून सुटे तुकडे लांबच ठेवा, ते थेट तोंडात जातात. मोठ्या कोड्यात मुलांना एक छोटी, ठळक वस्तू वाटून द्या. ‘लाल मोटार तुझी’ म्हटलं की तासभर आवाज येत नाही.

घरात कुणी आजारी असून वेगळ्या खोलीत असेल तर त्या माणसाने या टेबलाशी येऊ नये. कोविड प्रामुख्याने श्वासावाटे पसरतो, आणि कोड्याभोवती माणसं डोक्याला डोकं लावून बसतात. त्याच्यासाठी ट्रेवर मावेल असं छोटं, वेगळं कोडं खोलीत द्या. पाचशेचंसुद्धा अंथरुणात बसून जमतं, फळी पायांवर घेतली तर.

तुकडा हरवला

हरवतोच. घाबरून सगळं उपसण्याआधी या क्रमाने बघा: फळीखाली, खुर्चीच्या गादीच्या फटीत, बाह्यांत आणि चपलांत, डब्याच्या झाकणाच्या दुमडीत, आणि दुसऱ्या कुठल्यातरी चुकीच्या जागी बसलेला. तो सापडेपर्यंत झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर बंद. मांजर किंवा कुत्रं असेल तर त्याच्या झोपायच्या जागीही नजर टाका.

नाहीच मिळाला तर बनवता येतो. रिकाम्या जागेवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, आकार उमटेल. तो तेवढ्याच जाडीच्या पुठ्ठ्यावर उतरवून टोकदार कात्रीने कापा. डब्यावरच्या चित्राचा फोटो काढून योग्य आकारात छापला तर वर चिकटवता येतो, नाहीतर रंगपेटी आहेच. काही कंपन्या हरवलेला तुकडा पाठवतात, पण त्यासाठी डब्यावरचा क्रमांक लागतो. म्हणून डबा फेकू नका.

पूर्ण झाल्यावर

फोटो काढा. दोन दिवस तसंच राहू द्या, येणारा-जाणारा बघतो. मग मोडा. चिकटवून भिंतीवर लावायचा मोह पहिल्या कोड्यालाच होतो. चिकटवायचंच असेल तर आधी खाली बटर पेपर सरकवा आणि मगच वरून गोंदाचा पातळ हात द्या. मी मात्र मोडायच्याच बाजूने आहे, कारण न चिकटवलेलं कोडं दुसऱ्याला देता येतं.

अमेरिकेत महामंदीच्या काळात हेच झालं होतं. १९३३ च्या सुरुवातीला तिथे आठवड्याला सुमारे १ कोटी कोडी खपत होती. पुठ्ठ्याची, स्वस्त, दर आठवड्याला नवं चित्र. ज्यांना तेवढंही परवडत नसे ते ग्रंथालयातून किंवा औषधांच्या दुकानातून भाड्याने नेत. ओळखीच्या चार घरांत अशी साखळी सुरू केलीत तर एका कोड्याच्या खर्चात चार लावून होतात. मोडताना कडेचे तुकडे वेगळ्या छोट्या पिशवीत भरलेत तर पुढच्याचा एक तास वाचतो, आणि एखादा तुकडा नसेल तर तसं झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. न सांगता अपुरा डबा पुढे सरकवणं हे पाप आहे.

साथीच्या काळात दुसऱ्याच्या घरचा डबा घ्यायला भीती वाटते. मार्च २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर जिवंत विषाणू आढळला नाही. प्लास्टिकवर तो ७२ तासांपर्यंत आढळला. वस्तूंना हात लावून संसर्ग होण्याचा धोका एकूण कमीच आहे, हे नंतर स्पष्ट झालं. तरी मनाच्या समाधानासाठी डबा तीन दिवस बाजूला ठेवा आणि लावून झाल्यावर हात धुवा. तुकड्यांवर सॅनिटायझर मात्र मुळीच फवारू नका. पुठ्ठा फुगतो, चित्राचा कागद सुटतो आणि तुकडे पुन्हा एकमेकांत बसत नाहीत.

कोडंच मिळत नसेल तर

दुकानं बंद, पार्सल येत नाही? घरी करा. मुळात हा प्रकार हाताच्या साध्या हत्यारांनीच सुरू झाला. १७६० च्या दशकात लंडनमधल्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून करवतीने कापला, मुलांना भूगोल शिकवायला. त्यातले आतले तुकडे एकमेकांत अडकत नसत, नुसते शेजारी ठेवायचे. म्हणजे घुंड्या-खाचा कापायची आपल्यालाही सक्ती नाही.

जुन्या कॅलेंडरचं चित्र, मासिकाचं पान किंवा घरचा एखादा छापलेला फोटो घ्या. खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्यापेक्षा वहीच्या मागचा टणक पुठ्ठा बरा. गोंद पातळ आणि सगळीकडे एकसारखा लावा, कागद मधून कडेकडे दाबत न्या म्हणजे हवा राहत नाही, आणि रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. घाई केलीत तर कापताना कागद सुटतो. पाठीवर हलक्या लाटांसारख्या रेघा आखा, आधी लांब पट्ट्या कापा आणि मग त्यांचे तुकडे करा. कात्री मुलांना द्या, कटर स्वतःकडे ठेवा. नकाशा हाताशी असेल तर सीमांवरूनच कापा, मुलांना ते जास्त आवडतं. पहिल्या खेपेला तीस-चाळीस तुकडे पुरेत.

आणि दुसरं कोडं करायच्या आधी पहिल्याच्या प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर एका रंगाची फुली मारून ठेवा, दुसऱ्याच्या पाठीवर वेगळ्या रंगाची. दोन्ही डबे एकाच वेळी जमिनीवर सांडणार आहेत.